चुंबकाचे बळ

शास्त्रपाठ : प्रकटीकरण 2:1-7



इंग्लंडातील लिव्हरपूल येथील मेकानो कंपनीने 1938 साली ‘हॉर्नबी डब्लो’ नावाच्या छोट्या आगगाड्या विक्रीस आणल्या. 1964 साली त्यांचे उत्पादन थांबले. तरी त्यांतली 12 व्होल्टवर चालणारी जुनी इंजिने हौशी लोक आजही दुरुस्त करून चालवितात. चाकांवरचा मळ खरवडावा, घट्ट झालेले तेल पुसावे, झिजलेले कार्बन बदलावे, तेलाचा एखादा थेंब सोडावा, एवढ्याने पुष्कळ इंजिने पुन्हा धावू लागतात.

पण दुरुस्ती करणारे एक गोष्ट फार जपतात. मोटारीतले आर्मेचर चुंबकाच्या दोन टोकांमध्ये फिरते. ते साफ करण्यासाठी नुसतेच बाहेर काढले, तर यांतल्या पुष्कळ जुन्या चुंबकांचे बळ घटते. म्हणून त्याच्या जागी आधी लोखंडाचा तुकडा बसवावा लागतो.

हा नियम न पाळता दुरुस्त केलेले इंजीन दिसावयास सुरेख असते. रिकामे असता ते धावतेही. पण डबे जोडले की अडखळते. मोटार जास्त वीज ओढते आणि तापते. मालक बटण आणखी फिरवितो, तशी ती अधिकच तापते. दोष विजेचा नसतो. चुंबक दुबळे झालेले असते. आणि पाहा, ते कोणी आपटले नव्हते. साफसफाई चालू असतानाच, दुरुस्तीच्या मेजावर, त्याचे बळ गेले!

इफिस येथील मंडळीची स्थिती हीच नव्हती काय? श्रम होते, धीर होता, खोट्या प्रेषितांची पारखही होती. प्रभूने हे सर्व मान्य केले. पण पहिली प्रीती तिने सोडली होती.

आपलेही असेच होते. वर्धापनदिन, जमाखर्च, मंदिराच्या छपराची डागडुजी, सभांमागून सभा, ही सर्व प्रभूचीच कामे. त्यांतच प्रीती आटते. आम्हांसही कबूल केले पाहिजे, की कित्येकदा आम्ही शास्त्र उघडले ते केवळ दुसऱ्यांस सांगण्यासाठी. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसलो, पण डोळा घड्याळाकडे होता. मग आम्ही तापलो, चिडलो, आणि उपाय म्हणून आणखी एक समिती नेमली!

दुबळे चुंबक स्वतःला बळ देऊ शकत नाही. ते तारेच्या वेटोळ्यात ठेवून क्षणभर जोराचा प्रवाह सोडतात, तेव्हा त्याचे बळ परत येते. आपले बळही बाहेरून, वरूनच येते. मात्र एक भेद आहे. चुंबकाला अपराध नाही. आपण तर प्रीती स्वतः सोडली. म्हणून प्रभू तीन गोष्टी सांगतो : कोठून पडलो ते आठवावे, पश्चात्ताप करावा, आणि पहिली कृत्ये करावी.

तर या आठवड्यात कोणतेही नवे काम अंगावर घेण्याआधी आपण एकांतात प्रभूपुढे बसू या. ज्या भावाशी बोलणे तुटले आहे त्याचे दार ठोठावू या. आणि हाती काम घेताना प्रार्थनेचा तो लोखंडी तुकडा जागेवर आहे ना, हे रोज पाहू या.

हे प्रभू, आम्ही तुझ्या कामात राहिलो, पण तुझ्यात राहिलो नाही. क्षमा कर, आणि आमची पहिली प्रीती आम्हांस परत दे. आमेन.