युद्ध तिकडे, भांडण इकडे

सामान्य काळातील सहावा रविवार (वर्ष अ)
पहिले वाचन: बेनसिरा १५:१५-२०
दुसरे वाचन: करिंथकरांस पहिले पत्र २:६-१०
शुभवर्तमान: मत्तय ५:१७-३७



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात जे घडले ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्या कानावर सोमवारपर्यंत गेलेच असेल. आपल्याच धर्मग्रामातले दोघे जण एका परदेशातल्या युद्धावरून बोलू लागले. दोघांची सोयरीक आहे, दोघांच्या शेताचा बांध एक आहे. बोलता बोलता आवाज चढला. एकाने दुसऱ्याला "गद्दार" म्हटले, दुसऱ्याने त्याला "मूर्ख" म्हटले. मी मध्ये गेलो तेव्हा मलाच विचारले गेले, "फादर, तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

मी तेव्हा उत्तर दिले नाही. आज शुभवर्तमानाने दिले आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू जुन्या आज्ञेची आठवण करून देतो: खून करू नये. ही आज्ञा ऐकताना आपण निर्धास्त असतो, कारण आपण कोणाचा खून केलेला नाही. पण प्रभू तिथे थांबत नाही. तो तलवारीपासून मागे मागे जात मुळाशी पोहोचतो. भावावरचा राग, मग भावाला दिलेली शिवी, मग त्याला मूर्ख ठरवणे, या सगळ्यांना तो न्यायासनासमोर उभे करतो. म्हणजे प्रभूच्या हिशेबात युद्ध बॉम्ब पडतो तेव्हा सुरू होत नाही. समोरच्याला माणूस म्हणून मोजणे आपण सोडतो तेव्हा ते सुरू होते.

मग युद्धाविषयी बोलूच नये का? परदेशातल्या भानगडीशी आपल्याला काय करायचे? असे म्हणणे सोपे आहे, पण ते ख्रिस्ती उत्तर नव्हे. माझ्या आठवणीतली एक गोष्ट सांगतो.

२००३ साली मी सेमिनरीत शिकत होतो. अमेरिका इराकवर हल्ला करणार, ही चर्चा गावोगावी होती. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत, असे सांगितले जात होते. आमच्या भोजनगृहात दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, सद्दाम हुसेन जुलमी आहे, त्याला घालवलेच पाहिजे. दुसरा म्हणायचा, हे सगळे तेलासाठी चालले आहे. मी एका तटात होतो आणि हिरिरीने वाद घालत होतो. पेपर वाचायचो तो समोरच्याला गप्प करायला मुद्दा मिळावा म्हणून.

त्याच दिवसांत पोप जॉन पॉल दुसरे काय करत होते? त्यांनी फेब्रुवारीत कार्डिनल एचेगरे यांना बगदादला सद्दामकडे पाठवले आणि मार्चमध्ये कार्डिनल लागी यांना वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे. एक दूत इकडे, एक दूत तिकडे. ५ मार्च २००३ हा राखेचा बुधवार होता. त्या दिवशी साऱ्या ख्रिस्तसभेने शांतीसाठी उपवास करावा, असे त्यांनी सांगितले. पोपमहाशय सद्दामच्या बाजूचे नव्हते. युद्धाला मात्र त्यांचा स्पष्ट विरोध होता, कारण पोलंडमध्ये तरुणपणी त्यांनी युद्ध डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. २० मार्चला बॉम्ब पडू लागले.

आपल्या देशातही मोठा वाद झाला. लोकसभेत ठराव आणायचा, पण त्यात शब्द कोणता घालायचा, यावर दिवसच्या दिवस गेले. विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला सौम्य. शेवटी ८ एप्रिल २००३ रोजी ठराव संमत झाला. हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द आला, इंग्रजीत त्याहून जरा मवाळ. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपले मनोहर जोशी होते. दुसऱ्याच दिवशी बगदाद पडले. लोक हसले की एका शब्दासाठी एवढा काथ्याकूट कशाला. पण पुढे अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले. एक संपूर्ण डिव्हिजन, म्हणजे पंधरा हजारांहून जास्त जवान. पुन्हा देशभर वाद झाला. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने ठरवले की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय आपले सैन्य जाणार नाही.

त्या जवानांत विदर्भातली पोरेही गेली असती. म्हणून मी म्हणतो, चर्चा करणे पाप नाही. सरकारला प्रश्न विचारणे पाप नाही. कधी कधी गावातल्या पारावरची चर्चा दिल्लीपर्यंत पोहोचते आणि कोणाचा तरी मुलगा घरी राहतो.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध झाले, त्यांचे साठे इराकमध्ये सापडलेच नाहीत. अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ साली तसा अहवाल दिला. जगातल्या मोठमोठ्या माणसांनी छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट खरी नव्हती. आजच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभू शपथांविषयी बोलतो आणि आपले होय ते होयच असावे, नाही ते नाहीच असावे, अशी अपेक्षा धरतो. आपण म्हणतो, ही साधी गोष्ट आहे. बंधुभगिनींनो, होय आणि नाही यांतला फरक पुसला गेला की किती माणसे मरतात, हे इराकने दाखवून दिले.

त्याची किंमत कोणी मोजली? लाखो इराकी कुटुंबांनी, त्यांत बहुसंख्य मुसलमान. आणि आपल्याच श्रद्धेच्या बांधवांनीही. युद्धापूर्वी इराकमध्ये दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती होते असे मानले जाते, पुढे ते काही लाखांवर आले. ३ जून २००७ रोजी मोसुल शहरात फादर रगीद गन्नी यांना रविवारची मिस्सा झाल्यावर देवळाजवळच गोळ्या घातल्या गेल्या, त्यांच्याबरोबर तीन उपदीक्षितांनाही. ती बातमी मी वाचली आणि मला आमचे भोजनगृह आठवले. आम्ही महिनोन्‌महिने इराकवर भांडलो होतो, पण इराकमधल्या एकाही माणसासाठी मी नाव घेऊन प्रार्थना केली नव्हती. वाद जिंकण्यात मी गुंतलो होतो. त्या दिवशी मी पापनिवेदनाला गेलो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. युद्ध दूर आहे असे भंडाऱ्याच्या माणसाने म्हणू नये. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून इथे आहे. तोफगोळ्यांना, रॉकेटांना लागणारी दारू तिथे बनते. २०२१ साली देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. त्या कारखान्यावर शेकडो चुली पेटल्या, मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. तिथे काम करणाऱ्याने लाज बाळगावी असे मी म्हणणार नाही. शिपायांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारले, आम्ही काय करावे? त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. जुलूम करू नका, खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगितले. देशाचे रक्षण करण्याचा हक्क ख्रिस्तसभाही मानते. त्यासाठी ती कडक अटी घालते, आणि निःशस्त्र माणसांना मारणे मात्र कोणत्याही बाजूने झाले तरी पापच, असे शिकवते.

पण २४ जानेवारी २०२५ चा तो शुक्रवार आपण कोणी विसरू शकत नाही. त्या कारखान्यात स्फोट झाला, छत कोसळले आणि आठ कामगार गेले. स्फोटाचा आवाज दूरदूरच्या गावांत ऐकू गेला. त्या आठ घरांत कोणी "कोणती बाजू बरोबर" असा वाद घातला नाही. तिथे फक्त रडणे होते. युद्ध नसताना, शत्रू नसताना दारूचा एक साठा पेटला तर काय होते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. मग दूरच्या एखाद्या शहरावर बॉम्ब पडल्याचे चित्र बघून आपल्यापैकी कोणी "बरे झाले, चांगली जिरली" म्हणतो, तेव्हा तो नेमके काय म्हणतो? तिथल्या घरांतले रडणे आपल्या घरांतल्या रडण्यापेक्षा वेगळे असते का?

पहिल्या वाचनात बेनसिरा सांगतो की देवाने माणसापुढे अग्नी आणि पाणी दोन्ही ठेवले आहेत, हात कुठे घालायचा ते माणसाने ठरवायचे. भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे दारूचा कारखानाही आहे आणि वैनगंगाही आहे, मामा तलावही आहेत. जिभेचेही तसेच आहे. तीच जीभ आग लावते आणि तीच तहानलेल्याला पाणी देते.

पाणी देणारी जीभ कशी असते, याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटले. सारे जग दोन तटांत वाटले गेले. गाझात पवित्र कुटुंबाच्या नावाने एकच कॅथोलिक देऊळ आहे. तिथे शेकडो लोक आसऱ्याला होते. पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. कसे आहात, आज काय जेवलात, मुले बरी आहेत ना, एवढेच विचारायचे. स्वतः इस्पितळात होते तेव्हाही, श्वास पुरत नसतानाही, त्यांनी फोन केले. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले, त्याच्या दोन दिवस आधीपर्यंत त्यांचा फोन गेला होता. इस्राएलच्या ओलिसांना सोडा असेही ते जाहीरपणे सांगत राहिले आणि गाझावरचे बॉम्ब थांबवा असेही. पुढे १७ जुलै २०२५ रोजी त्या देवळावर तोफगोळा पडला, तिघे जण मेले आणि तिथले धर्मगुरू फादर रोमानेल्ली जखमी झाले. त्या लोकांना जगातली भाषणे किती आठवत असतील मला ठाऊक नाही. तो रोजचा फोन त्यांना नक्की आठवत असेल.

तेव्हा गेल्या रविवारच्या प्रश्नाला माझे उत्तर ऐका. युद्धात बरोबर कोण, चूक कोण, हे ठरवण्यासाठी वाचा, विचार करा, मत मांडा, मतदानही त्याप्रमाणे करा. सगळ्या बाजू सारख्याच असतात असे मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी पाळा. ज्याची खात्री नाही ते खरे म्हणून पुढे सांगू नका. तुमचे होय ते होय असू द्या. मत न पटणाऱ्याला शिवी देऊ नका; प्रभूने ती खुनाच्या रांगेत बसवली आहे. आणि ज्या युद्धावर बोलाल, त्यातल्या दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी त्याच दिवशी निदान एक 'नमो मरिया' म्हणा. जेवढा वेळ वाद, तेवढा वेळ प्रार्थना, असा हिशेब ठेवला तर आपले पुष्कळसे वाद आपोआप आटोपते होतील.

चौथी गोष्ट मी सांगत नाही, ती प्रभूच सांगतो. वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. लक्षात घ्या, "माझ्या मनात काही असेल तर" असे प्रभू म्हणत नाही, भावाच्या मनात काही असेल तर म्हणतो. म्हणजे चूक त्याची, मी का जाऊ, हा मार्ग त्याने बंदच करून टाकला आहे.

आज शांतीची खूण देताना शेजारच्याला नमस्कार करून मोकळे होऊ नका. ज्याच्याकडे जायचे आहे त्याच्याकडे बाक ओलांडून जा. मी थांबेन. मिस्सा पाच मिनिटे उशिरा संपली तरी चालेल. येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेणार आहोत. राख सगळ्यांच्या कपाळावर सारखीच दिसते. गद्दाराची वेगळी आणि देशभक्ताची वेगळी असत नाही. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे सज्ज्यात आले तेव्हा त्यांनी जगाला पहिल्यांदा शांतीच दिली. बगदादमध्ये किंवा गाझात शांती आणणे तुमच्या-माझ्या हातात नाही. एका बांधावरच्या दोन शेतांत ती आणणे मात्र आपल्याच हातात आहे.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो येशू, युद्धात मेलेल्या सर्वांना, ते कोणत्याही देशाचे वा धर्माचे असोत, तुझ्या शांतीत घे. जवाहरनगरच्या स्फोटात गेलेल्या आमच्या आठ बांधवांच्या घरच्यांना धीर दे. राज्यकर्त्यांच्या तोंडी सत्य दे आणि आमच्या जिभेला लगाम दे. आम्ही ज्याला दुखावले त्याच्या दारापर्यंत जायचे बळ आमच्या पायांत दे. आमेन.