औंधचे संग्रहालय आणि अपरिग्रहाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेल्या मुलखात, औंध नावाचे छोटे गाव आहे. डोंगरमाथ्यावर मूळपीठाची यमाई आणि त्याच डोंगराच्या उतारावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला, हस्तिदंत आणि चंदनावरचे कोरीवकाम, आणि या सगळ्यांत हेन्री मूरचे मायलेकराचे दगडी शिल्प. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभे केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये तशी राज्यघटना अमलात आली. ७२ गावांच्या या चिमुकल्या संस्थानाची घटना आकाराला येत असताना सल्ला देत होते महात्मा गांधी. त्या कामात पुढे होते भारतानंद म्हणून ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन, ज्यांनी स्वतःसाठी जवळजवळ काहीच ठेवले नव्हते. म्हणजे एकाच माणसाने एकाच काळात सत्ता सोडली आणि वस्तू जमवल्या. हे दोन्ही एकाच धर्मबुद्धीतून आले असे म्हणता येईल का, की त्यातले एक दुसऱ्याला खोटे पाडते?

अपरिग्रह हे व्रत आपल्याकडे हलके मानलेले नाही. पतंजलीने ते पाच यमांत घातले आणि त्याचे फळ मोठे विलक्षण सांगितले: ज्याचा अपरिग्रह स्थिर झाला, त्याला आपला जन्म कसा आणि कशासाठी याचे ज्ञान होते. जैन परंपरेत ते मुनींचे महाव्रत आहे आणि गृहस्थाला त्याचीच मर्यादित आवृत्ती दिली आहे, की किती ठेवायचे याची सीमा स्वतःच आखून घे. या मोजपट्टीने पाहिले तर दालनेच्या दालने भरणारा राजा पहिल्याच पायरीवर अडतो. यावर एक सोपे उत्तर तयार असते आणि ते जैन ग्रंथांतच सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूवरची आसक्ती, अशी व्याख्या आहे. तेव्हा वस्तू असणे हा दोष नाही, तिच्यात मन गुंतणे हा दोष आहे, असे म्हणून संग्राहकाची सुटका करता येईल.

हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे, आणि धोकादायकही. मन गुंतले नाही असा दावा कोणीही करू शकतो. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावून वैराग्यावर बोलणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. मूर्च्छा आतली असेल, पण तिची परीक्षा बाहेरच व्हायला हवी. ती परीक्षा मला अशी दिसते: वस्तू पाहण्याचा हक्क कोणाकोणाला आहे, ती कोठे राहील हे कोण ठरवते, आणि मालक गेल्यावर तिचे काय होते? या तीन प्रश्नांची उत्तरे शपथेवर नव्हे, व्यवहारात मिळतात. राजवाड्याच्या आतल्या महालात टांगलेले रविवर्म्याचे चित्र आणि देवीच्या वाटेवर, पौषातल्या यात्रेला आलेल्या माणसाला पाहता येणारे चित्र, यांच्यात रंगांचा फरक नाही. फरक एवढाच, की दुसऱ्यावर मालकाच्या एकट्याच्या नजरेचा ताबा उरलेला नाही. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. राजा गेला, राज्य गेले, संग्रह मात्र औंधातच राहिला, आणि आज तो राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हे, इतिहासाने दिलेले आहे.

बाळासाहेब स्वतः कीर्तन करीत, ही गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या सूर्यनमस्कारांच्या प्रचाराचा जेवढा उल्लेख होतो तेवढा याचा होत नाही. पोथीत बंद असलेले तत्त्व आणि आख्यान कीर्तनकार उघड्यावर आणतो, आणि ज्याला पोथी वाचता येत नाही तोही ते घेऊन घरी जातो. सांगितल्याने कीर्तनकाराचे काही कमी होत नाही. संग्रहालय हे त्याच वृत्तीने वस्तूंपर्यंत नेलेले काम आहे. अजिंठ्याला किंवा युरोपला जाणे ज्याच्या नशिबी नाही, त्याच्या गावाजवळ ते आणून ठेवणे हे दान आहे. गांधीजींना ईशोपनिषदाचा पहिला मंत्र सर्व शास्त्रांचे सार वाटे: सर्व काही ईश्वराचे आहे, म्हणून त्यागपूर्वक भोग घ्या. त्यांच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेला याच विचाराचा आधार आहे. विश्वस्ताने घर रिकामे करावे असे तो मंत्र म्हणत नाही. जे हाती आहे ते आपले नाही, हे ओळखून वागायला तो सांगतो.

याला गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. हस्तिदंत आणि संगमरवर ज्या पैशातून आले तो पैसा या कोरड्या जमिनीतल्या रयतेचा होता. तिची चित्रे पाहायची सोय करण्याआधी तिच्या विहिरींना पाणी लावायला हवे होते, असे कोणी म्हटले तर मी त्याला चूक ठरवणार नाही. दान देणाऱ्याने ते आधी कोणाकडून घेतले, हा प्रश्न धर्मशास्त्रानेही विचारलेला आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की या आक्षेपाचा रोख वस्तू जमवण्यावर नाही, राजेपणावर आहे. आणि राजेपणाचा हिशेब बाळासाहेबांनी त्याच काळात प्रजेपुढे ठेवला होता. ज्याच्या पैशातून वस्तू आली त्यालाच राज्य आणि वस्तू दोन्ही मिळाली, तर ऋण पूर्ण फिटते असे नव्हे, पण ते कोणाचे आहे हे कबूल होते. दुसरा आक्षेप असा, की एवढी मौल्यवान चीज आडगावात ठेवण्यापेक्षा मुंबईत न्यावी, तिथे लाखो लोक पाहतील. यात गर्दीलाच न्याय मानले आहे. महानगराला सगळे मिळावे आणि खेड्याला त्याची बातमी, ही रीत म्हणजे परिग्रहाचेच मोठे रूप आहे. फक्त मालक व्यक्ती नसून शहर असते.

संग्रहालयाच्या जोडीने औंधात आणखी एक गोष्ट टिकली आहे, आणि तिच्यावरून हा विचार तपासता येतो. अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये इथे संगीत महोत्सव सुरू केला. तो आजही होतो. गाणे कपाटात ठेवता येत नाही. ते संपले की गाणाऱ्याकडेही उरत नाही, उरते ती शिकवण, आणि तीही दुसऱ्याला दिली तरच. अपरिग्रह इथे व्रत म्हणून पाळावा लागत नाही, कलेच्या स्वभावातच तो आहे. वस्तूचे तसे नाही. हस्तिदंताला तडे जातात, कॅनव्हासला दमट हवा बाधते, दगडावरही धूळ बसते. तिला सांभाळणारा लागतो, आणि सांभाळणे म्हणजे रोजचे झाडणे-पुसणे, नोंदवही, पगार, अंदाजपत्रकातली एक ओळ. अपरिग्रहाच्या नावाखाली तिच्याकडे पाठ फिरवणे हा त्याग नव्हे, हयगय आहे. मालकाने हक्क सोडला म्हणून काळजीही सुटत नाही. ती आता शासनाकडे आहे आणि यमाईच्या वाटेवरून जाता-येता ही चित्रे पाहणाऱ्या प्रत्येक औंधकराकडेही आहे.