श्रद्धेची राखण

नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना खोट्या शिकवणुकीपासून जपावे, ही चिंता त्या धर्माच्या आरंभापासूनची आहे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाचा स्वर याच कारणाने कठोर झाला आहे. नवागताला शब्दांमागचे जुने वाद ठाऊक नसतात. ठामपणे बोलणारा कोणीही त्याला ज्ञानी वाटू शकतो. राखण हवी, याविषयी दुमत नाही. प्रश्न उरतो तो असा, की राखण नवागताच्या श्रद्धेची करायची की त्याच्यावरील आपल्या अधिकाराची?

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. मात्र वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी संस्कृत विद्येत वाढलेली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली ही स्त्री वाद केल्यावाचून काही मान्य करणारी नव्हती. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, धर्माधिकाऱ्यांचा अधिकार या साऱ्यांविषयी तिने शंका विचारल्या. पवित्र शास्त्रात जे आढळेल ते मानीन, पुरोहिताच्या शब्दावर विसंबणार नाही, अशी तिची भूमिका होती. जेराल्डिनना त्यात अहंकार दिसला.

जेराल्डिन यांची काळजी खोटी नव्हती. ख्रिस्ती मतांगीकार शतकांच्या वादविवादातून सिद्ध झाले आहेत. एकट्याने केलेले वाचन चुकूही शकते. परंतु शंकेला अवज्ञा म्हटले, की शंका नाहीशी होत नाही. ती केवळ बोलेनाशी होते. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्याच शंकांना युक्तिवादाने उत्तरे देण्याचा प्रयत्न केला. श्रद्धा दोघींचीही दृढ होती. नवागताच्या बुद्धीवरील विश्वास मात्र सारखा नव्हता.

पुढे रमाबाई स्वतःच राखणकर्त्या झाल्या. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली आल्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात गुंतल्या होत्या. जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांनी त्यात कटाक्षाने टाळले. म्हणजे कुंपण त्यांनीही घातले. शब्दांबरोबर अर्थाच्या कित्येक छटाही त्या कुंपणाबाहेर राहिल्या, हे नाकारता येत नाही.

तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. त्यांनी त्या स्त्रियांना अक्षरज्ञान दिले आणि मूळ ग्रंथ त्यांच्या बोलीत त्यांच्या हाती ठेवला. ज्या साधनाने रमाबाईंचीच शिकवण तपासता यावी, ते साधन रमाबाईंनीच पुरवले. पौलाच्या त्या कठोर पत्रातही हेच आढळते: मूळ सुवार्तेहून वेगळे सांगणारा आपण स्वतः असलो तरी त्याला मानू नये, असे तो बजावतो. राखणकर्ता स्वतःला परीक्षेबाहेर ठेवत नाही. त्याने ठेवले, तर नवागत एका खोट्या गुरूपासून वाचेल. दुसऱ्याला ओळखण्याची दृष्टी मात्र त्याला कधीच लाभणार नाही.