विचारपूस करणारी मदत

तंबाखू सोडायची असं मनाशी ठरवलेला माणूस आज सगळ्यात आधी कुणाकडे जातो? डॉक्टरकडे क्वचितच. तोंडात जखम किंवा छातीत कळ आल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची कशाला, असं त्याला वाटतं. घरी सांगावं, तर उद्या खिशात पुडी सापडल्यावर ‘सोडणार होतास ना?’ हे ऐकावं लागेल, याची धास्ती असते. मग तो गुपचूप मोबाइलला विचारतो. तिथे सरकारी हेल्पलाइन, अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅपचे गट, सात दिवसांत हमखास व्यसनमुक्ती देणारी चूर्णं आणि ‘रुग्णाच्या नकळत’ द्यायची औषधं अशी सगळी एका रांगेत उभी असतात. यातून निवडायचं कसं, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. मला वाटतं, जी मदत आधी आपली विचारपूस करते आणि पाय घसरल्यावरही करत राहते, ती धरावी. जी नुसतं सांगत सुटते, तिच्यात वेळ घालवू नये.

याचं कारण निकोटिनच्या स्वभावात आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि शरीर पुन्हा मागू लागतं. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, आणि सगळी लढाई त्या मिनिटांत होते. त्या वेळी कर्करोगाचं चित्र कामाला येत नाही, कारण ते त्याने पुडीवर रोज पाहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये 5,800 धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, ते इथे फार बोलके आहेत. एका गटाला सोडण्याची तारीख ठरवायला लावून सुरुवातीचे पाच आठवडे रोज पाच एसएमएस पाठवले. दुसऱ्या गटाला सोडण्याशी संबंध नसलेले संदेश गेले. पहिल्या गटातल्या माणसाला तलफ आली, की ‘क्रेव्ह’ एवढा शब्द पाठवायचा आणि ओढल्यावर ‘लॅप्स’. तत्काळ उत्तर यायचं. सहा महिन्यांनंतर तपासणी करून पाहिलं, तर पहिल्या गटात 10.7 टक्के लोक सुटलेले होते, दुसऱ्यात 4.9 टक्के. फोन दोन्हीकडे वाजत होता. पहिल्याच गटात तो सोडण्याबद्दल बोलत होता, आणि माणसाने हाक दिली की ओ देत होता.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे शंभरातले एकोणनव्वद तरी अडकलेलेच राहिले. खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण कुणाचीही मदत न घेता केलेल्या एका प्रयत्नात वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. ‘मनावर घेतलं तर सुटतं’ असं ठामपणे सांगणारी माणसं आपल्या ओळखीत असतात आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांच्याआधी आणि त्यांच्याबरोबर किती जण पुन्हा पुडीकडे वळले, ते कुणी मोजलेलं नसतं, एवढंच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: हे सगळं सिगारेटवाल्यांसाठी झालं, आपल्याकडचं काय? 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रात 24.4 टक्के प्रौढ चघळायची किंवा लावायची तंबाखू वापरत होते. ओढणारे अवघे 3.8 टक्के. ‘घरातले लायटर फेकून द्या’ हा सल्ला, पन्नीत घोटलेला खर्रा गालात धरून दिवस काढणाऱ्या नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाला काय कामाचा? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून तिची मशेरी करणारी बाई तर स्वतःला व्यसनी समजतच नाही. ती दात घासते, आणि मशेरीशिवाय पोट साफ होत नाही ही तिची खरी अडचण असते. तिला त्या अडचणीचं उत्तर हवं. निकोटिनच्या च्युइंगमचंही तेच. तंबाखू चघळणारा माणूस ते सवयीने भराभर चावतो, घशात जळजळ होते, उचक्या लागतात, आणि ‘आपल्याला औषध मानवत नाही’ म्हणून तो मोकळा होतो. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, त्याआधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, एवढं सांगायला ‘तुम्ही नेमकं काय खाता, कसं खाता?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.

असं विचारणारी फुकट सोय आपल्याकडे आहे. 1800-11-2356 ही राष्ट्रीय हेल्पलाइन 2016 साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढे टाटा मेमोरिअलमार्फत मुंबईतही आली. तिथला समुपदेशक सोडायची तारीख ठरवून घेतो आणि नंतर आपणहून फोन करतो. 1 सप्टेंबर 2018 नंतरच्या पाकिटांवर हा नंबर छापलेला असतो, पण घरच्या मशेरीला आणि टपरीवरच्या खर्ऱ्याला पाकीटच नसतं. शिवाय घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असेल, तर आपणहून आलेला फोन त्या बाईपर्यंत पोहोचत नाही. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. तिथे आशाताईंनी दारात येऊन विचारलेलं बरं, आणि त्यांनीच स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावून दिला तर आणखी बरं.

‘नकळत’ द्यायच्या औषधांबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. ज्याला सोडायचं आहे, त्याला वगळून सुरू होणारी मदत त्याला काय विचारणार? त्याची पहिली तलफ सकाळी किती वाजता येते, ती चहानंतर की शेतावर निघताना, मागच्या वेळी कितव्या दिवशी मोडलं आणि तेव्हा सोबत कोण होतं, हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नसतं.