उघडणाऱ्या दारापुरती जागा

आपल्याकडील पेट्रोलपंपाचा शिरस्ता असा की, मोटारीच्या मालकाने काच खाली करून हवी ती रक्कम सांगावी, पंपावरच्या मुलाने ‘झिरो बघा’ म्हणून यंत्राकडे बोट दाखवावे, नळी टाकीत घालावी, पैसे घ्यावेत, आणि मालकाने आसनावरून तसूभरही न हलता पुढे मार्गस्थ व्हावे. या शिरस्त्यामागे कोणा परोपकारी पुरुषाची योजना नव्हती. मनुष्यबळ स्वस्त आहे, एवढाच त्याचा पाया. परंतु ज्याचे पाय निकामी झाले आहेत आणि जो केवळ हातांनी चालविता येईल अशी जोडणी करून घेतलेली मोटार चालवितो, त्याला या व्यवस्थेने, कोणताही कायदा, अर्ज किंवा दाखला मध्ये न आणता, इतरांच्या बरोबरीचे स्थान आपोआप मिळवून दिले होते. विजेवर चालणारी मोटार ही सोय काढून घेत आहे, आणि ती इतक्या मुकाट्याने काढून घेत आहे की, काढून घेणाऱ्यालाही त्याची वार्ता नाही.

चार्जिंग स्टेशन बहुधा निर्मनुष्य असते. तेथे वाहनातून उतरावे लागते, यंत्रापर्यंत जाऊन पडद्यावरील सूचना वाचाव्या लागतात, मोबाइलवरील ॲपने किंवा कार्डाने पैसे भरावे लागतात, आणि जलद चार्जिंगची ती जाड, ताठर, वजनदार केबल ओढत आणून गाडीच्या सॉकेटमध्ये नेटाने दाबून बसवावी लागते. धडधाकट मनुष्य हे सर्व बोलता बोलता उरकतो. चाकांच्या खुर्चीवर वावरणाऱ्याला मात्र आधी मोटारीचे दार पूर्ण उघडावे लागते, शेजारच्या किंवा मागच्या आसनावरून खुर्चीचा सांगाडा बाहेर काढून त्याला चाके जोडावी लागतात, हातांच्या बळावर सारे शरीर त्या खुर्चीत सरकवावे लागते, आणि मग गाडीला वळसा घालून यंत्राकडे जावे लागते. सॉकेट काही गाड्यांत पुढच्या नाकाशी असते, काहींत मागच्या चाकावर. म्हणजे हा वळसा कोणत्या बाजूने आणि किती, हे गाडीगणिक बदलते. बेफाम मोटारींची धडक बसू नये म्हणून यंत्रापुढे लोखंडी खांब रोवलेले असतात आणि खुद्द यंत्र सिमेंटच्या चौथऱ्यावर चढविलेले असते. मोटारीपासून यंत्राचे रक्षण करणारा हा बंदोबस्त खुर्चीलाही तितक्याच निष्ठेने मज्जाव करतो. इतके करून केबल जोडली, आणि पाऊण तासाच्या त्या अवधीत कोणी सज्जनाने आपली गाडी दाराशी अगदी चिकटवून उभी केली, तर चार्जिंग पूर्ण होऊनही मालकाला स्वतःच्या वाहनात शिरता येत नाही. पान वाढावे आणि पाट मांडावयास जागाच ठेवू नये, असा हा यजमानपणा आहे.

अमेरिकेत पेट्रोलपंपावरचा मुलगा पूर्वीच नाहीसा झाला. तेथे ग्राहकाने स्वतः उतरून स्वतः इंधन भरण्याचा रिवाज पडला. एकटे न्यू जर्सी राज्य 1949 सालच्या कायद्याला धरून आजही त्याला मुभा देत नाही, आणि तेथील रहिवासी या जुन्या हट्टाचा अभिमान बाळगतात. इतरत्र मुलगा गेला, परंतु जाताना त्याची जागा कायद्याने घेतली. 26 जुलै 1990 रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या अपंगांविषयीच्या कायद्यान्वये, पंपावर एकाहून अधिक कर्मचारी हजर असल्यास अपंग ग्राहकाने मागताच, वेगळा मोबदला न घेता, त्याला इंधन भरून देणे मालकावर बंधनकारक झाले. चार्जिंगच्या यंत्रापाशी मात्र हा नियम अवाक् होतो, कारण तेथे एकही कर्मचारी नसतो. मदत करणारा मनुष्य नाही असे एकदा ठरले की, ती मदत जागेच्या रचनेतच बांधून घालावी लागते; दुसरा उपाय नाही.

कॅलिफोर्नियाच्या इमारतविषयक संहितेने हा विचार फार स्पष्टपणे केला, आणि जानेवारी 2017 पासून अमलात आलेल्या तिच्या तरतुदी या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहाव्यात अशा आहेत. त्यांतील मूलभूत सिद्धान्त असा की, चार्जिंगची जागा ही वाहनतळाची जागा समजावयाची नाही. वरवर पाहता हा वकिली काथ्याकूट वाटेल; पण त्यामागचा व्यवहार ध्यानात घ्या. एखाद्या दुकानाच्या आवारात अपंगांसाठी दोन रुंद जागा राखून ठेवलेल्या आहेत. मालक त्यांतील एकीवर चार्जिंगचे यंत्र उभे करतो आणि सरकारदरबारी सांगतो की, पाहा, माझ्याकडे राखीव जागाही दोन आहेत आणि अपंगांना वापरता येईल असे यंत्रही आहे. कागदोपत्री एकाच जमिनीचा दोनदा हिशेब होतो. प्रत्यक्षात ज्या अपंगाची मोटार पेट्रोलवर चालते त्याची एक जागा गेलेली असते. वाहनतळाचा हिशेब निराळा व चार्जिंगचा निराळा, असे ठरविल्याने ही लबाडी मुळातच खुंटली.

याहून कठीण प्रश्न पुढे उभा राहतो. ही रुंद जागा अपंगांसाठीच राखून ठेवावी, की रुंद करून सर्वांस खुली ठेवावी? वाहनतळावरील राखीव जागा दिवसभर रिकामी राहिली तरी तेवढी फरसबंदी मोकळी राहते, याहून अधिक काही बिघडत नाही. चार्जिंगचे यंत्र मात्र महागडे असते, संख्येने थोडे असते, आणि ते रिकामे असताना शेजारी चार गाड्या ताटकळत असतील, तर राखीवपणाविषयी लोकांच्या मनात आकस उत्पन्न होण्यास वेळ लागत नाही. कॅलिफोर्नियाने काढलेला तोडगा मला मोठ्या समंजसपणाचा वाटतो. जेथे चार किंवा त्याहून कमी जागा असतील तेथे एक जागा, खुर्चीसह चढउतार करता येणारी व्हॅन मावेल इतकी, म्हणजे 12 फूट रुंद असलीच पाहिजे. पण तिच्यावर राखीवतेची पाटी लावण्याची सक्ती नाही, कोणीही तेथे गाडी लावावी. पाच ते पंचवीस जागा असतील तेथे अशी एक जागा पाटीसह राखीव हवी, आणि शिवाय आणखी एक सुगम जागा हवी. जेथे टंचाई आहे तेथे रचना सक्तीची आणि हक्क सामायिक. जेथे विपुलता आहे तेथे रचनेबरोबर हक्कही राखीव.

1973 च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या अमेरिकेच्या संघीय सुगमता मंडळाने जुलै 2022 मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात आणखी एक मार्ग सुचविला आहे: सुगम जागा सर्वांना खुली ठेवावी, परंतु इतर सर्व जागा भरल्याखेरीज तिचा वापर करू नये, अशी सूचना तेथे लावावी. ही कल्पना सुसंस्कृत आहे आणि नेमक्या याच कारणास्तव तिच्याविषयी मला धास्ती वाटते. शेवटी वापरा असे सांगणारी पाटी कोणालाच दंड करू शकत नाही. ती केवळ विनंती करते, आणि प्रवेशद्वाराला जवळ असलेली, ऐसपैस रुंद जागा ही प्रत्येकाला प्रथम वापरावीशी वाटणारी जागा असते. त्याच मार्गदर्शनातील मापे मात्र निःसंदिग्ध आहेत. जागा 11 फूट रुंद व 20 फूट लांब असावी, तिच्या कडेला निदान 5 फुटांची मोकळी पट्टी असावी, यंत्राचे हाताळावयाचे भाग खुर्चीवर बसलेल्याच्या पोचेत असावेत, आणि ते एका हाताने, मनगट न पिरगाळता चालविता यावेत.

मापे कागदावर सोपी दिसतात. जमिनीवर त्यांना विजेच्या अर्थशास्त्राशी झुंजावे लागते. यंत्रापर्यंत वीज नेण्यासाठी चर खणावा लागतो, त्यातून जाड केबल न्यावी लागते, आणि प्रत्येक वाढत्या मीटरामागे खर्च चढत जातो. म्हणून मक्तेदार यंत्रासाठी जागा शोधतो ती ट्रान्स्फॉर्मरच्या किंवा विजेच्या पॅनेलच्या जवळची, आणि ही उपकरणे कोणीही इमारतीच्या दर्शनी भागात ठेवीत नाही. ती मागच्या अंगणात, तळघराच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या भिंतीशी असतात. अपंगांची राखीव जागा मात्र, बहुतेक देशांतील नियमांप्रमाणे, प्रवेशद्वाराच्या निकट असावी लागते. केबल गाडीला मागे ओढते आणि न्याय तिला पुढे ओढतो. अशा ओढाताणीत, नकाशा प्रथम कोणी आखला यावर सारे अवलंबून राहते. विद्युत् अभियंत्याने एकट्याने आखला असेल तर सुगम यंत्र असे एका कोपऱ्यात जाऊन बसते की, तेथवर खुर्ची नेण्यासाठी मोटारींच्या येण्याजाण्याच्या उतारावरून जावे लागेल.

ब्रिटनचा वारसा या बाबतीत अधिक जुना आहे. आल्फ्रेड मॉरिस या खासदाराने खाजगी विधेयक म्हणून मांडलेला 1970 चा कायदा संमत झाला, आणि त्यातूनच अपंगांच्या मोटारींना बिल्ला देण्याची पद्धत निघाली. तो नारिंगी बिल्ला पुढे निळा झाला. या परंपरेला साजेसे असे एक प्रमाणपत्रक, पीएएस 1899 या नावाचे, ऑक्टोबर 2022 मध्ये तेथील मानक संस्थेने प्रसिद्ध केले; त्याचा खर्च सरकारच्या शून्य-उत्सर्जन वाहनांच्या कचेरीने आणि अपंगांना मोटारी मिळवून देणाऱ्या मोटॅबिलिटी या धर्मादाय संस्थेने उचलला. याच संस्थेने करविलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, 2035 पर्यंत त्या देशात 27 लाख अपंग चालक किंवा प्रवासी असतील आणि त्यांपैकी साडेतेरा लाख पूर्णतः वा अंशतः सार्वजनिक चार्जिंगवर विसंबून राहतील. इतकी निकड ठाऊक असूनही ते प्रमाणपत्रक ऐच्छिक ठेवले गेले. पुढील वर्षी सार्वजनिक चार्जिंगविषयी जे नियम झाले, त्यांत कार्डाने पैसे स्वीकारण्याची आणि जलद यंत्रे 99 टक्के वेळ चालू ठेवण्याची सक्ती आली. जागेची रुंदी आणि यंत्राची उंची मालकाच्या सदिच्छेवर राहिली.

आपल्या देशाने या धंद्याचे दार सताड उघडले आहे. चार्जिंग स्टेशन उभारण्यास परवाना लागणार नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच केला, आणि त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत एक, महामार्गावर दर 25 किलोमीटरला एक, असे लक्ष्य आखले. परवान्याचा जाच गेला हे उत्तमच झाले. पण परवान्याबरोबर ती कचेरीही गेली, जिच्या मेजावर नकाशा ठेवताना कोणी विचारू शकला असता की, खुर्ची कोठून येणार? कायद्याचे साहाय्य नाही असे मात्र नव्हे. 2016 च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याचे चाळीसावे कलम सुगमतेचे नियम घालून देण्यास सरकारला बांधते. केंद्राच्या बांधकामविषयक मार्गदर्शिकेत 3.6 मीटर रुंद व 5 मीटर लांब अशी जागा, प्रवेशद्वारापासून 30 मीटरांच्या आत, असे मापही दिलेले आहे. दोष असा की, ही मार्गदर्शिका शिफारशीच्या सुरात लिहिलेली होती. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शिफारशीवर विसंबणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला, आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा हुकूम दिला. या निकालाचा अर्थ चार्जिंगच्या यंत्रालाही लागू पडतो, असे मला निःशंकपणे वाटते. सार्वजनिक सेवेचे स्थान म्हटल्यावर त्यात ते यंत्र येतेच.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. अपंग चार्जिंगला येतात तरी किती? 2011 च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या 2 कोटी 68 लाख नोंदलेली आहे. ते सारे मोटारी बाळगून आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या रस्त्यांवर त्यांचे खरे वाहन मोटार नव्हेच. ते म्हणजे मागच्या चाकाशेजारी दोन चाके जोडून घेतलेली स्कूटर आणि बॅटरीची तीनचाकी सायकल. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून अशा सायकली देशभर वाटल्या जातात. विजेवरच्या वाहतुकीचा उदोउदो करणाऱ्या आपल्या धोरणांना या माणसांची आठवण क्वचितच होते. वास्तविक विजेच्या वाहनावर रोजचे जिणे अवलंबून असलेला हा वर्ग मोटारवाल्यांच्या पुष्कळ आधीपासून त्या वाहनावर स्वार आहे. दुचाकींच्या चार्जिंगसाठी आखलेल्या अरुंद रांगेत जोडचाकी स्कूटर शिरत नाही, आणि मोटारीच्या जागेत ती उभी केली तर रखवालदार हटकतो. येणारे थोडे आहेत असे म्हणण्यापूर्वी, जागा नसल्यामुळे किती जण येत नाहीत, याचा हिशेब कोणत्या दप्तरात ठेवला जातो?

खर्चाची तक्रारही तपासून घेण्यासारखी आहे. चौथरा ओतून झाल्यावर तो फोडणे, खांब उपटणे, केबलचा चर पुन्हा खणणे, हे खरोखर महागात पडते. नकाशावर एक रेघ तीन फूट सरकविणे, चौथरा जमिनीच्या पातळीला ठेवणे आणि पडदा खाली बसविणे यांचा बोजा, तो नकाशा हाती असेपर्यंत, नाममात्र असतो. क्वचित एखादी जागा कमी होते, इतकेच.

महाराष्ट्रातील वाचकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हा नकाशा मंत्रालयात ठरणार नाही; तो त्यांच्याच सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठरेल. चार्जिंगची यंत्रे बसविण्याचा ठराव आज ना उद्या तेथे येईल, कंत्राटदाराचे दरपत्रक फिरविले जाईल, आणि मीटर कोणाच्या नावे, बिल कोणी भरावयाचे, यावर दोन तास खल होईल. त्या सभेत हात वर करून, यंत्रांपैकी एकाला तरी 3.6 मीटरची जागा आणि सपाट वाट ठेवण्याची दुरुस्ती ठरावात घालून घ्यावी, आणि इतिवृत्तात ती नोंदली गेली की नाही, हे पुढच्या सभेपूर्वी पाहून घ्यावे.