आकारांची ओळख

बीदर-भालकीच्या आणि आळंदच्या काळ्या रानांत हरभरा वीतभर वाढला की बाया वाकून त्याचे शेंडे खुडतात. कोवळा पाला भाजीला जातो, उरलेला वाळवून ठेवला जातो आणि खुडलेले रोप खुरटण्याऐवजी चारी अंगांनी फुटते. मराठी-कानडीची सरमिसळ बोलणाऱ्या या मुलुखात हे कुणाला शिकवावे लागत नाही. मला कुतूहल आहे ते त्यातल्या एका अदृश्य क्षणाचे: वरचे टोक नाहीसे झाले, ही वार्ता पानांच्या बेचक्यांत निजलेल्या कोंबांना कळते कशी? ज्याला मज्जातंतू नाहीत, ज्याला जागचे हलता येत नाही, त्याचे एक अंग दुसऱ्या अंगाच्या असण्या-नसण्याची दखल घेते, आणि जाणणे म्हणजे काय, हा फार जुना प्रश्न हरभऱ्याच्या वाफ्यात येऊन उभा राहतो.

१९३३ मध्ये थीमान आणि स्कूग यांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा छाटला आणि त्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक ठेवले. बाजूचे कोंब निजलेलेच राहिले. म्हणजे शेंडा सतत काहीतरी पाठवत असतो आणि ते पाठवणे थांबले की जाग येते. पुढे ही कथा बरीच गुंतागुंतीची झाली. शेंडा गेल्यावर मोकळ्या होणाऱ्या साखरेचाही त्या जागृतीत वाटा असतो, हे ध्यानात आले. तरीही मूळ विस्मय ओसरत नाही. संदेशाइतकाच त्याचा अभावही बोलका असतो, आणि ज्याच्या सावलीत आपण वाढत नव्हतो त्याच्या जाण्यानेच आपल्या वाढीची वेळ येते, हे कुटुंबांना, घराण्यांना आणि साहित्याच्या पिढ्यांनाही ठाऊक असलेले दुःख वनस्पतीने किती निर्विकारपणे सोसले आहे!

पण वार्ता निघाली म्हणजे ती कळली असे होत नाही. ती उतरण्यासाठी कुणीतरी आधीपासून पोकळ असावे लागते. स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून प्रथिनांची घडण वाचणाऱ्या शास्त्रज्ञांनी ही पोकळी २००७ मध्ये प्रत्यक्ष दाखवली. निंग झेंग आणि मार्क एस्टेल यांच्या गटांनी उलगडलेल्या त्या रचनेत ऑक्सिन ग्राहक-प्रथिनाच्या एका खळग्याच्या तळाशी बसते, त्याच्यामुळे दुसरे एक प्रथिन वर येऊन घट्ट टेकते, आणि जनुकांना दाबून ठेवणाऱ्या त्या दुसऱ्या प्रथिनाचा पुढे नाश होतो. बीदरचा कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर छिन्नीने खोबण कोरतो, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतो, आणि मग जुन्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने सारे काळे करतो. चांदी तेवढी उजळ राहते. त्या कलेतही आकृती आधी अभावाच्या रूपाने जन्मते आणि धातू नंतर येतो. फरक इतकाच की बिदरीची चांदी शतकभर हलत नाही आणि ऑक्सिन येते, बसते, निघून जाते; जीवनाची कारागिरी क्षणभंगुर बसण्यावर उभी असते.

घावाची वार्ताही अशीच उतरते. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांना दिसले की किड्याने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान कुरतडले, तर न कुरतडलेल्या पानांतही किड्याचे पचन अडवणारी प्रथिने साठू लागतात. जास्मोनेट हे त्यामागचे संप्रेरक, आणि त्याची खोबणही २०१० मध्ये झेंग यांच्याच प्रयोगशाळेत उजेडात आली. २०१३ मधील संशोधनाने तर घावापासून दूरच्या पानापर्यंत जाणारी विद्युत्‌लहर जास्मोनेटला जागवते, हे दाखवले. लाजाळूच्या देठातले विद्युत्‌स्पंदन मोजत बसलेल्या जगदीशचंद्र बोस यांची तेव्हा आठवण होते. वनस्पतीत मज्जासंस्थेचे साम्य शोधण्याच्या त्यांच्या ओढीबद्दल त्यांच्या काळातले अनेकजण साशंक होते. ते साम्य किती ताणावे, हा प्रश्न अजूनही उरतो. मात्र झाडाच्या देहातून वार्ता धावते, ही त्यांची श्रद्धा पोकळ नव्हती.

आणि तरी या सुरेख व्यवस्थेला एक भगदाड आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की घाटेअळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्याच्या या बचावाच्या प्रथिनांनाच निकामी करू शकतात. पुढच्याच वर्षी त्यांनी हरभरा, तूर आणि कापूस या अळीच्या परिचित पिकांबरोबर भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा या अपरिचितांची प्रथिने तपासली. अळीची वाढ अपरिचितांनीच अधिक रोखली. कलबुर्गीच्या तुरीच्या रानांत पिढ्यानुपिढ्या वाढलेल्या अळीने तुरीची खोबण आपल्यापरीने वाचून काढली होती. भुईमुगाची लिपी तिला नवी होती.

इथे माझे मन रेंगाळते. आकार नेमका बसण्यातच ओळख आहे, आणि नेमक्या ओळखीतच वैऱ्याची शाळाही भरते. जे अचूक आहे ते वाचले जाण्याजोगे असते; जे वाचले जाते ते एके दिवशी उलगडले जाते. म्हणून सृष्टीत कोणताही मेळ अखेरचा नसतो. प्रत्येक पिढीला आपली घडण किंचित परकी करून घ्यावी लागते. विद्येलाही हे सुटत नाही. ज्या प्रश्नांना आपली बुद्धी चपखल बसते, ते हळूहळू सरावाचे होतात आणि आपण त्यांत पारंगत व निष्फळ होत जातो. एखाद्या अनोळखी पिकाकडे, शेजारच्या भाषेकडे, अळीच्या आतड्याकडे वळलेली जिज्ञासाच तेव्हा विद्येला पुन्हा सुपीक करते. त्या परकेपणाचे भय वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यावाचून कोणतीही परंपरा फार काळ तग धरत नाही.