मागचे आसन

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. खासगी विमान कंपनीत तो आता कॅप्टन आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी बेळगावला आला होता, संध्याकाळी आमच्याकडे डोकावला. बोलता बोलता विषय विमानातल्या एका खुर्चीवर आला. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या पाठीमागे एक घडीचे आसन असते. कधी तपासणीसाठी आलेला अधिकारी तिथे बसतो, एरवी ते रिकामे असते. अमेरिकेत घर एका शहरात आणि ड्यूटी दुसऱ्या शहरातून, असे पुष्कळ वैमानिक असतात. ते या आसनावर बसून फुकट ये-जा करतात, अगदी दुसऱ्या कंपनीच्या विमानातूनसुद्धा. मात्र बसू द्यायचे की नाही, ते त्या विमानाच्या कॅप्टनने ठरवायचे. तिथले कित्येक कॅप्टन आसन रिकामे असतानाही काही ठरावीक माणसांना वर्षानुवर्षे ‘नाही’ म्हणत आले. त्या माणसांनी केव्हातरी संप चालू असताना विमान उडवले होते. त्यांच्या नावांच्या छापील याद्या वैमानिक आपल्या बॅगेत बाळगत.

“वीस-वीस वर्षांनीसुद्धा, सर!” तो म्हणाला. “तुम्हाला काय वाटतं? बरोबर आहे का हे?”

मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. तो गेल्यावर मात्र प्रश्न घरातच राहिला.

आपल्याकडे अशा माणसाला संपफोड्या म्हणतात. घरफोड्याच्या चालीवर बनवलेला शब्द, त्यामुळे त्यात चोरी आली आणि घरभेदही आला. इंग्रजीत ‘स्कॅब’ म्हणतात, म्हणजे खरूज. आपला शब्द निदान माणसाने काय केले ते तरी सांगतो.

१९८३ साली अमेरिकेत काँटिनेंटल या कंपनीचे प्रमुख फ्रँक लोरेन्झो यांनी सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बहुतेक नोकरवर्ग कमी केला आणि दोन-तीन दिवसांत पगार निम्म्यावर आणून विमाने पुन्हा सुरू केली. ऑक्टोबरमध्ये वैमानिक संपावर गेले. पण काहीजण आत राहिले, काही संप सोडून परतले, बाहेरून नवीनही आले. विमाने उडत राहिली. संप दोन वर्षे रखडला आणि १९८५ च्या ऑक्टोबरात संपला तो पराभवातच. जे परत कामावर आले त्यांपैकी अनेकांना उजवीकडची, म्हणजे दुय्यम वैमानिकाची खुर्ची मिळाली. डावीकडे, कॅप्टनच्या जागी, काल-परवापर्यंत त्यांच्याहून कनिष्ठ असलेला आणि संपात न आलेला माणूस.

वैमानिकाच्या नोकरीत सेवाज्येष्ठतेचा क्रमांक म्हणजे सर्वस्व. कोणते विमान, कोणता मार्ग, सणाला घरी की हवेत, कॅप्टन कधी व्हायचे, सारे त्या आकड्यावर. कंपनी बदलली तर पुन्हा तळापासून सुरुवात. त्यामुळे संप फोडणाऱ्याने त्या दिवसांचा पगार तर घेतलाच, शिवाय रांगेत पुढची जागाही घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. इतर धंद्यांत असे नुकसान कालांतराने पुसट होते. इथे दर महिन्याचे वेळापत्रक हातात पडले की ते नव्याने वाचायचे. वीस वर्षांचा राग ऐकून आपल्याला नवल वाटते, पण ज्याचे नुकसान वीस वर्षे रोज चालू आहे त्याला ‘झाले गेले विसरा’ असे कोणत्या तोंडाने सांगणार?

याच्या उलट घडलेली एक गोष्ट १९८५ ची आहे. युनायटेड एअरलाइन्सचे वैमानिक त्या मे महिन्यात संपावर गेले आणि एकोणतीस दिवस संपावर होते. कंपनीला नव्याने येणाऱ्या वैमानिकांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी लावायची होती. म्हणजे जुन्यांच्या ताटातले काही जाणार नव्हते; ते लढत होते ते अजून न आलेल्यांसाठी. त्याच वेळी सुमारे ५७० नवे उमेदवार कंपनीच्या प्रशिक्षणात होते. कंपनीने त्यांना कामावर बोलावले. नोकरी हाताशी आलेली, बहुतेकांच्या डोक्यावर शिकण्याचा खर्च, संघटनेशी धड ओळखही नाही. तरी जवळजवळ सगळे बाहेर राहिले. कंपनीने मग त्यांना घ्यायचेच नाकारले, आणि पुढे न्यायालयातून त्यांना न्याय मिळाला. हे वाचले की संप फोडणे ही ‘परिस्थितीची लाचारी’ असे सरसकट म्हणवत नाही. त्या ५७० जणांनाही परिस्थिती होतीच.

आपल्याकडची गोष्ट या अंकाच्या हैदराबाद आणि ग्वाल्हेरच्या वाचकांना आठवत असेल. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. नागरी विमान वाहतूक मंत्री होते माधवराव शिंदे. सरकारने उझबेकिस्तानातून विमाने भाड्याने आणली, तिकडच्या कर्मचाऱ्यांसकट. ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून निघालेले त्यातले एक तुपोलेव्ह दिल्लीच्या धुक्यात उतरताना धावपट्टीच्या कडेला गेले, मोडले आणि उलटे होऊन पेटले. आत १६५ माणसे होती. सगळी वाचली, हा चमत्कारच. शिंद्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. जबाबदारी स्वीकारून पद सोडणारा मंत्री हा प्रकार तेव्हाही दुर्मीळ होता, हे जाता जाता.

त्या उझबेक वैमानिकांनी आपल्या वैमानिकांचा संप फोडलाच होता की! पण त्यांच्या नावाची यादी कोणी बॅगेत बाळगल्याचे ऐकिवात नाही. ते परके होते. आले तसे गेले. राग सहकाऱ्याचा येतो, ज्याच्याबरोबर डबा उघडला त्याचा. वाळीत टाकतात तेही आपल्यातल्यालाच. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला. जातपंचायती माणसाला पाणी-विस्तवाला महाग करीत, तिथे निदान पंच तरी बसत. दंड भरला तर जातीत परत घेत. बॅगेतल्या त्या यादीला पंच नाही, दंडाची रक्कम नाही आणि परत घेण्याचा विधीही नाही. मला खुपते ते इथे. संप फोडणे चूक, हे मी मानतो. शिक्षा असावी, तेही मानतो. पण जिची मुदत कोणी ठरवलेली नाही अशी शिक्षा प्रत्येकजण आपापल्या मनाजोगी लांबवत नेतो.

हे मी कोणत्या अधिकाराने लिहितो ते आता सांगायला हवे.

१९९५ साली मी दुसऱ्या एका संस्थेच्या हायस्कुलात होतो. नोकरीचे तिसरे वर्ष. संस्थेने चार महिन्यांचा पगार थकवला होता. फेब्रुवारीत आम्ही शिक्षकांनी काम बंद केले. आमचे गणिताचे सर तेवढे येत राहिले. दहावीची परीक्षा तोंडावर आहे, मुलांचे काय, असे त्यांचे म्हणणे. मारुतीच्या देवळात वर्ग घ्या, आमची हरकत नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. “आणि फळा?” एवढेच ते म्हणाले. शाळेत येऊन ते हजेरीपटावर सही करीत आणि तीच सही दाखवून संस्था वरिष्ठांना कळवी की शाळा व्यवस्थित चालू आहे. शिकवण्याने आमचे काही बिघडले नाही, बिघडले ते त्या सहीने. बाविसाव्या दिवशी पगार मिळाला, सर्वांना, त्यांनाही.

नंतर स्टाफरूममध्ये त्यांची चहाची वर्गणी घेणे बंद झाले. ते निवृत्त होईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षे. ते घरून थर्मास आणीत आणि खिडकीशी बसून पीत. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी प्रत्येकाच्या हातात दिली होती. कोणी गेले नाही.

त्यांच्यामुळे आमच्यातल्या एकाचाही सेवाज्येष्ठतेचा क्रमांक खाली गेला नव्हता. काँटिनेंटलच्या वैमानिकाचा राग मला समजतो, आमचा मात्र आजही समजत नाही. किंवा खरे सांगायचे तर माझा तेवढा समजतो. संपाच्या दहाव्या दिवशी मी स्वतः चिटणीसांच्या घरापर्यंत गेलो होतो. बायकोचे दिवस भरत आले होते, घरात पैसा नव्हता. उद्यापासून हजर होतो, असे सांगणार होतो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी आमचे दोन सहकारी उभे दिसले, तसा मी पान घ्यायला आल्यासारखे केले आणि परत फिरलो. मला संपात ठेवले ते त्या दोघांनी. आणि महिनाभराने “यांची वर्गणी घेऊ नका” हे स्टाफरूममध्ये पहिल्यांदा मोठ्याने बोललो तो मीच.

मे महिन्यात आलेला माझा विद्यार्थी त्याच वर्षीच्या दहावीतला. निघताना जिन्यात थांबून म्हणाला, “त्या वर्षी गणिताचे सर आले नसते ना, तर माझं सायन्स हुकलं असतं. कुठं राहतात हो ते आता?” चहाच्या वर्गणीचे त्याला काही माहीत नाही. मुलांना आम्ही कळू दिले नव्हते.

मी पत्ता दिला. “तुम्ही पण चला की, सर,” तो म्हणाला, “गाडी आहे खाली.” उशीर झालाय, तू हो पुढे, असे मी सांगितले. त्यांचे घर आमच्यापासून दोन बसथांब्यांवर आहे. दिवाळीचा फराळ घेऊन जावे असे म्हणतो आहे. अजून गेलेलो नाही.